बिनब्रेकची सायकल

ही गोष्ट खरी आहे. रोज संध्याकाळी देवापुढे तेलाचा दिवा लावते मी, त्याच हातानं खोटं लिहिणार नाही. ओतिलिया माझ्या समोरच्या घरात राहते. तिनं सांगितलं तसंच सांगते.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. भर दुपार. आमच्या रुमानियातल्या डोंगरगावचा सरकारी दवाखाना, त्याचं तळघर.

पण थोडं आधीपासून सांगायला हवं.

ओतिलियाचा रारेश सात वर्षांचा होता. वसंतात गेला. सायकलवरून उतारानं येत होता, ब्रेकची तार तुटली आणि वळणावरच्या दगडी कठड्यावर...

त्यानंतर ओतिलिया अंथरुणातून उठेनाशी झाली. नवरा इटलीत कामाला. घरात फक्त सासू, साफ्ता. जिभेला धार.

"माझाही नातू गेलाय, सूनबाई. मी उठते ना? कोंबड्यांना दाणे टाकते ना? की त्यांनीही तुझ्यासोबत उपाशी राहायचं?"

शेवटी डॉक्टरांनी तिला तळघरात पाठवलं. तिथे एक व्यायामाची सायकल होती, जमिनीला घट्ट बसवलेली. डोळ्यांवर जाड चष्मा बांधायचा. पायडल मारलं की चष्म्यात रस्ता पुढे सरकतो. दोन्ही बाजूंना जंगलातली उंच झाडं, ऊन, पाखरांचे आवाज. शरीर हललं की मनही हलतं, असं डॉक्टरांचं म्हणणं.

मशीन सांभाळायला कॉस्मिन नावाचा तरुण होता. हसरा.

"घाबरू नका, ओतिलियाताई. त्या रस्त्यावर माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही. मागे कोण लागणार?"

पहिले काही दिवस खरंच कोणी नव्हतं.

मग एके दिवशी, मागून...

ट्रिंग.

तिनं मान वळवली. रिकामा रस्ता.

ट्रिंग ट्रिंग. आणि लहान मुलाचा धापा टाकल्याचा आवाज.

तो आवाज तिनं लगेच ओळखला. रारेश चढ चढताना असाच नाकानं सूं-सूं करायचा.

घरी येऊन तिनं साफ्ताला सांगितलं. वाटलं, म्हातारी वेड्यात काढेल. पण साफ्तानं छातीवर क्रूस काढला आणि तिचे डोळेच भरून आले.

"पोचली म्हणायची! मीच दिली होती ना त्याची सायकल, तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी. पलीकडच्या घरातल्या पोरांना."

आमच्यात तसंच करतात. मेलेल्याच्या नावानं, मेणबत्ती पेटवून, वस्तू दान द्यायची. घेणारा म्हणतो, त्याला पोचो. जी वस्तू दिली, ती त्याला तिकडे मिळते.

जशी दिली, तशी.

त्या दिवसापासून ओतिलिया सुधारली. मक्याचं पीठ शिजवून दोन वेळा पोटभर खाऊ लागली. केस विंचरू लागली. दुपारी दवाखान्यात जायची, पायडल मारायची आणि मागे तिचा मुलगा घंटी वाजवत यायचा. सुखात होती बिचारी.

कॉस्मिनला वाटलं, औषध लागू पडतंय.

"आता जरा अवघड रस्ता घेऊ या का? उताराचा?"

तो मंगळवार उजाडला.

रस्ता खाली वळत होता. मागून घंटी आली, जवळ आली, आणि पहिल्यांदाच तिच्या शेजारून पुढे गेली. दिसलं काहीच नाही. फक्त वारा गालाला लागला. तळघरात, खिडक्या बंद असताना...

"आई, थांबत नाहीये! आई!"

मग दगडावर आपटल्याचा आवाज.

मग नुसतं चाक. टिक टिक टिक... फिरत, हळू होत.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. कॉस्मिननं सपाट रस्ता लावून पाहिला, चष्म्यात उतारच आला.

ओतिलियानं घरी येऊन सासूला गाठलं.

"सासूबाई, सायकल देताना ब्रेक दुरुस्त केला होता?"

साफ्ता बटाटे सोलत होती. सुरी थांबली.



"घाई होती गं. पाद्री येऊन बसले होते..."

ओतिलिया धावत पलीकडच्या घरी गेली. तिथली बाई म्हणाली, "ब्रेक नसलेली सायकल पोरांना कशी देऊ? उन्हाळ्यातच भंगारात गेली." आता काय दुरुस्त करणार?

म्हणजे पोरगं तिकडे रोज त्याच सायकलवर बसणार. रोज पडणार.

शुक्रवारी ती दवाखान्यात गेली ती एकच ठरवून. त्याच्या आधी वळणावर पोचायचं. आडवं व्हायचं. त्याला धरायचं.

तिनं जीव खाऊन पायडल मारलं. वळणाशी येऊन हँडल वळवलं, रस्त्यात आडवी उभी राहिली.

आणि तेव्हा तो तिला दिसला.

दोन्ही पाय रस्त्यावर घासत येत होता. थांबायची धडपड करत. बुटांची टोकं झिजून बोटं बाहेर आली होती. इतक्या वेळा घासली होती त्यानं...

तिनं हात पसरले.

तो हाताच्या अंतरावर आला...

आणि तिचं हँडल फिरलं. तिची सायकल बाजूला झाली.

आपटल्याचा आवाज. चाक.

कॉस्मिननं चष्मा काढला. ती पांढरीफटक पडली होती.

"हँडल कोणी फिरवलं?"

"तुम्हीच, ताई. मी पाहत होतो."

चष्मा आता त्याच्या हातात होता. तरी तिच्या अगदी कानाशी आवाज आला...

"आई, आजपण बाजूला झालीस."

वसंतातल्या त्या दुपारी ओतिलिया वळणावर उभी होती. गावात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. सासूलाही नाही. सायकल अंगावर येताना दिसली आणि तिचा पाय मागे सरला. एकच पाऊल. हे तिनं मला एकटीला, माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं.

आता ती रोज जाते. बर्फातही. पायांत ताकद आलीय, झोप लागते, गालांवर रंग आलाय. कॉस्मिन इतर रुग्णांना तिचं उदाहरण देतो.

परवा मी दारात विचारलं, "अजून पडतो का गं?"

"रोज." ती बुटांचे बंद आवळत होती. "उद्या नक्की धरीन, मावशी."

हे ती महिनाभर म्हणतेय.

मला तिला आणखी एक विचारायचंय, पण जीभ रेटत नाही. एकदा त्याला धरलं, की मग तो यायचाच थांबेल... हे तिला कळलंय का?

की कळलंय, म्हणूनच धरत नाहीये?