उतरवलेलं दुखणं

दिवाळीनंतर अंबूबाईचा डावा खांदा धरला. आधी पोलक्याची बाही चढेना, मग फळीवरचा डबा निघेना. शेवटी अंबाडा घालायला हात मागे जाईना, तेव्हा तिनं हार मानली. चाळीस वर्षांत तिचे केस दुसऱ्या कुणी बांधले नव्हते. आता ते काम नवऱ्याकडं, कोंडूकडं आलं. भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेला कोंडू सकाळी तिच्या मागं पाटावर बसे आणि गुराचं दावं वळावं तसे केस वळी.

"काल दावं होतं," ती आरशात बघून म्हणे, "आज निदान सुतळी झाली."

खांदा दुखतो याचं तिला एवढं नव्हतं. आपलं काम दुसऱ्याच्या हातून करून घ्यावं लागतं, ते तिला खुपत होतं.

शहापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, साखरेमुळं होतं असं, वर्षभर तरी लागेल; साखरेनं डोळेही चाललेत, हा चष्माही फार दिवस पुरायचा नाही. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या नम्रताबाईंनी भिंतीवरून बोटं चढवायला लावली: हात जिथं थांबेल तिथं रोज खूण करायची. अंबूबाई पडवीच्या भिंतीवर कोळशानं रेघ मारू लागली. पंधरा दिवसांत रेघेवर रेघ बसून तिथं एक जाड काळा पट्टा झाला. वर एकही रेघ गेली नाही.

मग कुणीतरी ठमीचं नाव काढलं आणि कोंडू अंबूबाईला तिच्याकडं घेऊन गेला. ठमी सापगावापलीकडच्या पाड्यावर राहायची. लोक म्हणत, ती अंग चोळते. ती स्वतः म्हणे, "मी उतरवते." वय ऐंशीच्या घरात, गालफडं बसलेली, तळवे मात्र लहान पोरीचे असावेत तसे मऊ. निरगुडीच्या पाल्यानं शेकून, कोमट करंजेल लावून ती मानेपासून कोपरापर्यंत अंगठा ओढत आणायची. शेवटी काहीतरी चिमटीत धरल्यासारखी मूठ मिटायची आणि विचारायची, "उतरवलं. ठेवू कुठं?"

अंगणात एक खडक होता. "खडकावर ठेव" म्हणायचं, एवढीच रीत. येणारे सगळे तेच म्हणत. पण सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं अंबूबाईच्या स्वभावात नव्हतं. चपलांपाशी उकिडव्या बसलेल्या कोंडूकडं हनुवटी करून ती म्हणाली, "ठेव आमच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर. रिकामाच हाय."

कोंडू हसला. ठमी हसली नाही. ती उठली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या डाव्या खांद्यावर तिनं मूठ उघडली.

दुसऱ्या दिवशी कोळशाची रेघ पट्ट्याच्या बोटभर वर गेली. आठवड्यानं वीतभर. नम्रताबाईंना वाटलं, व्यायामाचा गुण. शेजारणींना वाटलं, तेलाचा. अंबूबाईनं सगळ्यांनाच होकार दिला आणि महिन्याभरानं स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. कोंडू पाट मांडून बसला होता, तो तसाच उठला. थोडा हिरमुसलाच.

माणसात काय कमी झालं, काय जास्त झालं, हे अंबूबाईच्या नजरेतून सुटत नसे. कोंडू सदऱ्यात आधी डावा हात घालू लागला. पाठ खाजवायला दाराची चौकट वापरू लागला. डाव्या कुशीवर झोपेनासा झाला. विचारलं तर म्हणे, झोपेत अवघडला असंल.

एका दुपारी तिनं त्याला भिंतीशी उभा केला. "चढवा बोटं."

तो कुरकुरला, पण चढवली. बोटं हळूहळू वर गेली आणि थांबली.

बरोबर त्या काळ्या पट्ट्यावर.

अंबूबाईनं त्याचा हात अलगद खाली घेतला आणि तो गार पडल्यासारखा बराच वेळ चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच रिक्षानं पाड्यावर गेली. ठमी पाला निवडत होती.

"माझं मला परत दे," अंबूबाई म्हणाली. "मी मस्करीत बोलले गो. नायतर खडकावर टाक."

"तुजा म्हातारा परवा आलता," ठमी म्हणाली.

"खांदा दाखवाया?"

"नाय. तुजी फणी घेऊन. केस होते तिच्यात." ठमीनं एक पान उलटून पाहिलं. "बोलला, आजी, तिचं आणखी काय काय हाय, ते पन उतरव. तिला सांगू नको."

"मग?"

"मी इचारलं, ठेवू कुठं. त्यानं सदरा काढला."

अंबूबाई घरी आली ती भांडायच्याच तयारीनं. संध्याकाळभर ती कोंडूला बोल बोल बोलली. असला शहाणपणा कुणी सांगितला, म्हणाली. मला विचारायचं तरी होतं, म्हणाली. तो भाकरी मोडत ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "तुझे केस बांधायची सवय लागली व्हती गो. हात रिकामा रिकामा वाटला."

उद्या दोघं मिळून ठमीकडं जायचं, एवढं ठरलं.

सकाळी पडवीत ती त्याच्या सदऱ्याचं बटण लावायला बसली. पहिल्याच फटक्यात दोरा सुईत गेला.

ती थांबली. डोळ्याला हात लावला. चष्मा नव्हता.

समोरच्या टेकडीवरचा एकेक साग सुटा दिसत होता. सागावरचं वाळकं पान दिसत होतं.

घरात काहीतरी पडलं. भिंतीवरून हात घासत येण्याचा आवाज आला.

कोंडू दारात उभा राहिला. तोंडावर थेट ऊन, डोळे सताड उघडे.

"अंबू," तो म्हणाला, "लाइट गेली काय गो?"