कोण राहिलंय?

अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळींत भीमजयंती असो, कुणाचा वाढदिवस असो की घरोघरून डबे आणून केलेलं नुसतंच पॉटलक, कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असे. अतुल गजभिये खुर्चीवर चढायचा, गळ्यातला कॅमेरा सावरायचा आणि घसा ताणून म्हणायचा, "चला, या सगळे फोटोला. कोण राहिलंय?" मग किचनमधल्या बायका हात पुसत यायच्या, बाहेर फोनवर रमलेले आत यायचे, आणि बाथरूमला गेलेल्या एखाद्या काकांसाठी अख्खा घोळका हसरे चेहरे धरून ताटकळत उभा राहायचा. ग्रुप फोटो म्हणजे सगळे, हा अतुलचा हट्ट. स्वतः मात्र तो कधीच त्यात नसायचा. हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही, त्याच्या बायकोच्या, उपासनाच्या मात्र दरवेळी यायचं.

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून दोघं अलास्काला आले. उपासना फार्मसीत कामाला. सुट्टी मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते, आणि तिच्या डोळ्यांसमोर होतं ते दोघांनी एकत्र घालवलेले चार दिवस. अतुलच्या डोळ्यांसमोर होता कॅमेरा. फेअरबँक्सहून गाडी भाड्याने घेऊन ते उत्तरेला निघाले. डांबर संपलं, खडीचा रस्ता लागला, फोनची रेंज गेली, आणि दोन्ही बाजूंना असा काही शरद ऋतू उलगडला की अतुलने मैलामैलाला गाडी थांबवायला सुरुवात केली. बर्चची झाडं पिवळीधमक झाली होती. डोंगरउतारावरची गुडघाभर झुडपं तर कुंकू सांडावं तशी लाल होती. हवेत ओल्या शेवाळाचा आणि पिकून फुटलेल्या रानबेरीचा आंबूस वास होता. उपासना प्रत्येक ठिकाणी उतरली, तो सांगेल तिथे उभी राहिली, मग उतरेनाशी झाली.

संध्याकाळी एका तळ्याकाठी, रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत त्याने गाडी लावली. आकाश निरभ्र होतं, आज नॉर्दर्न लाइट्स, उत्तरेकडच्या आकाशातला तो हिरवा प्रकाश, दिसणार हे नक्की होतं. तो ट्रायपॉड लावत असताना ती गाडीला टेकून म्हणाली, "दहा वर्षांत आपल्या दोघांचा धड एक फोटो नाही अतुल. मी प्रत्येकात एकटीच उभी आहे."

त्याला ते लागलं. पण लागलेलं कबूल करणं हा त्याचा स्वभाव नव्हता, त्यामुळे त्याने नेहमीचं केलं, थट्टेवारी नेलं. अंधार पडला होता आणि डोंगराच्या माथ्यावर हिरवट पट्टा धूसर दिसू लागला होता. त्याने तिला उताराच्या पायथ्याशी, लाल झुडपांत उभं केलं. वीस सेकंद शटर उघडं राहणार, तेवढा वेळ हलायचं नाही, असं बजावलं. दर थोड्या वेळाने कॅमेऱ्याने आपोआप फोटो काढत राहावा असं सेटिंगही केलं. तिचा चेहरा अजून फुगलेलाच होता. तिला हसवायला म्हणून तो एका दगडावर चढला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या मोकळ्या, माणूसकाणूस नसलेल्या मुलखात जोरात ओरडला, "चला, या सगळे फोटोला. कोण राहिलंय?"

उपासना हसली. खरंच हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू.

आवाज तळ्यावरून पलीकडे गेला. परत आला नाही. डोंगर समोर उभा असताना प्रतिध्वनी का नाही, असं अतुलच्या मनात येऊन गेलं, पण तेवढ्यात वर आकाश पेटलं. हिरवे पडदे माथ्यापासून तळ्यापर्यंत लोंबले आणि सळसळ न करता हलू लागले. तो सगळं विसरला. शटर उघडत होतं, मिटत होतं, तो स्क्रीनवर बघून स्वतःशीच वा, वा म्हणत होता. मग त्याला वास आला.

बंद हॉलमध्ये खूप माणसं खूप वेळ थांबली की जो वास साचतो, तो. घामाचा, ओल्या लोकरीचा, केसांना लावलेल्या तेलाचा. चहूबाजूंना मैलोन्मैल मोकळं रान, आणि तिथे हा वास. पाठोपाठ उताराकडून आवाज येऊ लागला. गोठलेल्या शेवाळावर पावलं सरकावीत, कुणी कुणाला जागा करून द्यावी, पुन्हा थोडं सरकावं, तसा. बोलणं नाही. नुसतं सरकणं.

अस्वल असेल म्हणून त्याने टॉर्च मारला. उपासना जिथे होती तिथेच उभी होती. तिच्या मागे कुणी नव्हतं. पण तिच्या मागची झुडपं दबलेली होती, ओळीने, आणि त्या ओळीमागे आणखी एक ओळ, मग आणखी. टॉर्चचा उजेड पोचेल तिथपर्यंत.

"उपासना, चल. गाडीत बस."

ती हलली नाही.

"झाले गं फोटो. चल ना."

"हलू नको म्हणालास ना..." ओठ न हलवता ती म्हणाली. फोटोला उभी असलेली माणसं बोलतात, तशी. "सगळे उभे आहेत."

तो धावत गेला. दंडाला धरून ओढलं तर ती जागची हलेना. ताठर झाली नव्हती, जड झाली नव्हती, अंग नेहमीसारखं मऊ होतं. गर्दीत दोन्ही बाजूंनी माणसं चेपून उभी असली की मधल्याला ओढून काढता येत नाही, तसं ते होतं. तिचा एक खांदा तिरका झाला होता, कुणाला तरी जागा देऊन आकसल्यासारखा. त्याने तिला कवेत घेऊन उचलायचा प्रयत्न केला. त्याच्या हातांना तिच्या पाठीमागे रिकामी हवा लागत होती आणि तरी ती सुटत नव्हती. दमून तो तिच्या पायाशी बसला आणि रडायला लागला.

अतुल आणि उपासना दोघंही नागपूरचे. भूतखेत, अंगारे, नवस हे सगळं दोघांच्याही आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच घराबाहेर काढलं होतं. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची अतुल आयुष्यभर टर उडवत आला होता. आता त्याला उतारा माहीत नव्हता, मंत्र माहीत नव्हता, कुणाचा धावा करायची सवय नव्हती. त्याने त्रिशरण म्हणायला घेतलं. लहानपणापासून पाठ असलेलं, पण थंडीने की भीतीने, दुसऱ्या ओळीनंतर शब्दच सुचेनात. एरवी तो चुकला की उपासना पुढचं म्हणायची. आज ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. तिचे हात बर्फासारखे गार पडत चालले होते.

तिला इथे सोडून गाडीने मदतीला जावं तर सर्वांत जवळची वस्ती दोन तास मागे. न जावं तर सकाळपर्यंत ती थंडीने मरणार. तो उभा राहायचा, दोन पावलं गाडीकडे जायचा, मागे फिरायचा. आपलं जॅकेट काढून त्याने तिला गुंडाळलं. तेवढ्यात लांब रस्त्यावर दोन दिवे दिसले.

उत्तरेच्या तेलविहिरींकडे माल नेणारा ट्रक होता. अतुल हात हलवत रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ट्रक थांबला, काच खाली झाली, दाढीवाला वयस्कर ड्रायव्हर वाकून बघू लागला. अतुलने धापा टाकत, मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं, की बायकोला काहीतरी झालंय, तिला हलता येत नाही, दोघांनी मिळून उचललं तर जमेल. ड्रायव्हरने दार उघडून एक पाय खाली टाकला. मग त्याने उताराकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. पाय हळूच आत घेतला.

"यातली तुझी बायको कोणती?" त्याने इंग्रजीत विचारलं, अगदी हळू.

अतुलने वळून बोट दाखवलं. ट्रकच्या दिव्यांत त्याला उपासना दिसत होती, एकटी, त्याच्या ढगळ जॅकेटमध्ये. परत वळेपर्यंत काच वर गेली होती. ट्रक निघाला. तो थोडा वेळ मागे धावला, हाका मारल्या, खडी अंगावर उडाली, आणि लाल दिवे वळणाआड गेले. माणसाला माणूस इतक्या सहज टाकून जाऊ शकतो याचा त्याला राग आला, आणि त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हेही त्याला कळत होतं.

तो परत आला. वास आता दाट झाला होता, तोंडात चव यावी इतका. कॅमेरा आपलं काम करत होता. त्याने मागचे फोटो पाहिले. काहींत तिच्यापाशी त्याचाच पुसट फराटा होता, एरवी प्रत्येकात उपासना एकटी, स्पष्ट, जराही न हललेली. पण पहिल्या फोटोत ती मधोमध होती, आणि पुढच्या प्रत्येकात थोडी थोडी डावीकडे गेली होती. फोटोत तिच्या उजवीकडे जागा होत होती. एक माणूस मावेल एवढी.

"उपासना," तो म्हणाला, "काय पाहिजे त्यांना...?"

"काही नाही रे." तिचा आवाज थकलेला होता, त्यात कीवही होती. "तू राहिलायस. सगळे थांबलेत... माझे पाय खूप दुखतायत अतुल. ये ना लवकर."

पळून जायचा विचार त्याच्या मनात आला. आला, खोटं कशाला सांगायचं. किल्ली खिशात होती. पण ती दहा वर्षं त्याने सांगितलं तिथे उभी राहिली होती, आणि आज पहिल्यांदाच तिने त्याला बोलावलं होतं. तो गेला.

रिकाम्या जागेत तो शिरला तसे दोन्हीकडून खांदे लागले. दिसत कुणीच नव्हतं. पाठीला कुणाची तरी छाती टेकली, मानेवर ऊब आली. त्याने उपासनाचा हात घट्ट धरला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. लाल दिवा लुकलुकला. शटर उघडलं. वीस सेकंद तो हलला नाही, श्वासही घेतला नाही, आणि इतका असहाय तो जन्मात कधी झाला नव्हता.

शटर मिटलं. पाठीवरचा भार एकदम गेला. मागे झुडपं सळसळत सरळ झाली, आणि वाऱ्याच्या एका झुळकीबरोबर तो वासही गेला.

"झालं?" उपासनाने विचारलं, आणि ती चालू लागली. साधी, पाय आखडलेलं माणूस चालतं तशी. अतुलने तिला तिथेच मिठी मारली, काय काय बोलला ते त्याचं त्याला कळलं नाही. ट्रायपॉड तसाच मागच्या सीटवर टाकला आणि दारं लावून घेतली.

गाडीत बसल्यावर त्याने तो शेवटचा फोटो उघडला. बघायची हिंमत नव्हती, पण न बघता गाडी चालवणं त्याला जमलं नसतं. फोटो चांगला होता. हिरवं आकाश, लाल उतार, आणि हातात हात घेऊन उभी ती दोघं. मागे कुणी नव्हतं. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने कॅमेरा तिच्याकडे दिला. तिने बोट फिरवत फोटो सावकाश पाहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"छान आलाय," ती म्हणाली. "सगळे आलेत."

तो हसला, कारण आता हसायलाच हवं होतं. इंजिन सुरू केलं. हीटर तापायला वेळ होता आणि समोरची काच श्वासाच्या वाफेने आतून धुरकटत चालली होती. त्याने बाहीने पुसली, पुन्हा धुरकटली, पुन्हा पुसली. उपासना बोलत होती, थंडीबद्दल, फेअरबँक्सला पोचल्यावर गरम गरम काहीतरी खाऊ म्हणत होती, अगदी तिच्याच आवाजात. काच त्याच्याच बाजूला धुरकटत होती. तिच्या तोंडासमोरची अर्धी काच स्वच्छ होती, आणि ती बोलत राहिली तरी स्वच्छच राहिली.