रात्रीच्या उन्हातली हाक

लाइट गेलीय तर जाऊ दे, बसा इथं. भुताला अंधार लागतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला? आपल्या दिंडोरीच्या पुंजाला विचारा. त्यानं सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

पुंजा आणि त्याचे दाजी गोटीराम मालवाहू जहाजावर खलाशी. द्राक्षांच्या गावची माणसं, पण नाद पाण्याचा! दोन हजार तीन साली नॉर्वेतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना काम दिलं: त्याची छोटी शिडाची होडी पार उत्तरेच्या बंदरात पोचवायची. निघताना यशोदानं, पुंजाच्या बहिणीनं, फोनवर बजावलं, "भाऊ, माझ्या माणसाला सांभाळ. त्यांना धड पवता येत नाय."

तिकडे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. एकवीस तारीख, रात्रीचे सव्वाबारा, आणि लख्ख ऊन. पुंजा सुकाणूवर. दाजी खाली, घरून नेलेली घोंगडी ओढून झोपलेले.

मागून, लांबून हाक आली. "पुंजाऽ!"

आवाज दाजींचा. पुंजा वळला. नुसत्या लाटा, आणि डोळ्यांत घुसणारं ऊन. आई सांगायची, रात्रीच्या हाकेला तिसऱ्यांदा आल्याशिवाय ओ द्यायची नाही, भूत दोनदाच हाक मारतं. पण ही रात्र म्हणायची की दिवस? त्यानं घड्याळ पाहिलं. रात्रच.

"पुंजाऽ… अरे…"

त्यानं वाकून खाली पाहिलं. दाजी होते. पाठमोरे. घोरत होते. घोंगडी वरखाली होत होती.

हुश्श! म्हणजे मागचं ते भूत. त्यानं ओठ आवळले.

तिसरी हाक… आली नाही.

चार वाजता पाळी बदलायला तो खाली उतरला. "दाजी, उठा."

…

"दाजी?"

घोंगडी उचलली. खाली कुणी नाही.

होडीच्या नाकाकडं वर निघायची दुसरी झडप होती, तिच्यातून दाजी लघवीला वर आले असतील, शिडाआड दिसले नसतील, तोल गेला असेल, असं तिथले पोलीस म्हणाले. पुंजानं तेव्हाच होडी वळवून घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. आता यशोदाला काय सांगायचं? पाण्यातला माणूस खरा होता रे. घोंगडीतला नव्हता.

गेल्या जानेवारीत थंडीचा कडाका पडला, बागा वाचवायला लोकांनी शेकोट्या पेटवल्या, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो होतो. त्यानं पेटी उघडली. आत तीच घोंगडी. म्हणाला, "कोंडाजीबाबा, हात घाला."

घातला.

ऊब होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.