दिगंबरचं कार्ड

तेजस वानखडे नारायण पेठेत गेला तो एका जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी. काम साधं होतं. जुन्या सामानाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं : शेजारचा दिगंबर नावाचा मुलगा वारला, त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर पडून आहे, कार्ड चांगलं आहे, घरी विचारून बघा. खाली पत्ता. दुसऱ्या कुणी वाचायच्या आत तेजसने पायात चपला सरकवल्या.

त्याच्या घाईला कारण होतं. वणीहून पुण्यात आला तेव्हा त्याने सोबत आणला होता तो वडिलांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातून मोडीत निघालेला डेस्कटॉप. सदाशिव पेठेतल्या खोलीत तेजस त्याला नवा जन्म देत होता. एका मित्राच्या फुटक्या लॅपटॉपमधली एसएसडी त्यात बसवली होती, रॅम वाढवली होती. तरी गेम सुरू केला की चित्र धापा टाकत सरकायचं. कार्डाशिवाय गत्यंतर नव्हतं आणि नवं घ्यायची ऐपत नव्हती. रविवारी दुपारी कॉलेजच्या टीमची ट्रायल होती, ज्याने त्याने आपापल्या घरून खेळायची.

टीमची कप्तान नम्रता स्पष्टच बोलली होती. "मला कॉलर हवाय. सतत बोलणारा, हेडसेटवरून चौघांना हलवणारा. आणि तुझ्या त्या टाइपरायटरवरून खेळणार असशील तर लॉगिनच करू नकोस."

बोलण्यात तेजसला कुणाची भीती नव्हती. त्याचा आवाज जाडसर, खणखणीत. गर्दीतही वेगळा ऐकू यायचा. वणीची बोली त्याने पुण्यात येताच घडी घालून ठेवली होती, एवढंच. जागा आपलीच आहे हे त्याला ठाऊक होतं. मध्ये फक्त एक कार्ड होतं.

दार उघडलं ते दिगंबरच्या आईने, विमलाबाईंनी. मागे छोटी खोली, पडदे ओढलेले, आणि त्या अंधारात कॉम्प्युटर चालू. स्क्रीन काळी, पण पंखे फिरत होते. संथ, एकसुरी घरघर. खोलीभर कापराचा आणि तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता.

"विकायचं नाहीये," विमलाबाई म्हणाल्या. "वरच्यांनी परस्पर टाकलंय. त्यांना आमच्या घराची फार काळजी. आपण निघालात तरी चालेल."

"पण कॉम्प्युटर चालूच आहे, काकू."

"तो गेला तेव्हापासून चालू आहे. तेवढाच आवाज आहे घरात."

एखादा तिथूनच परत फिरला असता. तेजसच्या डोळ्यांपुढे मात्र रविवार होता, आणि काचेच्या झाकणामागून ते कार्ड दिसत होतं. पुढचं वाक्य त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"काकू, खरं सांगू? दिगंबर माझा मित्र होता. ऑनलाइन. रोज एकत्र खेळायचो. तो म्हणायचा, कधी मशीन बदललं तर कार्ड तुलाच देईन."

विमलाबाई दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या.

"म्हणायचा?"

"नेहमी."

"म्हणजे... बोलायचा तो तुझ्याशी?"

"बोलायचा म्हणजे! तोंड बंद नसायचं त्याचं."

त्यांनी हळूच खुर्ची पुढे ओढली. "बस," त्या म्हणाल्या. "सांग."

मग तेजसने सांगितलं. दिगंबर कसे विनोद करायचा, जिंकला की कसा ओरडायचा, हरला की कशा शिव्या द्यायचा. "शिव्या?" विमलाबाईंनी विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की तेजसला आणखी चेव आला. त्याने शिव्याही सांगितल्या. पोराला मरून चार महिने झालेल्या बाईपुढे बसून त्याने एक अख्खा मुलगा रचला, आणि मनात तो झाकणाचे स्क्रू मोजत होता.

"आवाज कसा होता रे त्याचा?"

हा प्रश्न विचित्र होता. हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. काय सांगावं हे सुचेना, म्हणून त्याने हाताशी होता तोच आवाज पुढे केला. "माझ्यासारखाच, काकू. जाडसर."

"तुझ्यासारखा?"

"अगदी हाच म्हणा ना."

पंख्यांची घरघर क्षणभर वाढली आणि पुन्हा खाली आली.

"मग एकदा 'आई' म्हण," विमलाबाई म्हणाल्या. "तो म्हणाला असता तसं."

तेजसला आतून हसू आलं. त्याने चेहरा गंभीर केला. "आई."

"पुन्हा."

"आई."

"अजून एकदा... मोठ्याने."

तो म्हणाला. घशात बारीकसं कुसळ टोचल्यासारखं झालं. विमलाबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. पंखे फिरत फिरत थांबले. त्या शांततेत त्या कान देऊन उभ्या होत्या, आतल्या खोलीच्या दिशेने.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "पैसे नकोत. मला आता त्याची गरज नाही."

कार्ड फुकटात मिळालं या आनंदात तेजस जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरला.

आता जुन्या डेस्कटॉपला असलं कार्ड नुसतं खोचून भागत नाही. त्याला वीज पुरवणारा डबाही दमदार लागतो. म्हणून तो इम्तियाजभाईंच्या दुकानात गेला. जुने सुटे भाग घ्यायचे तर पेठांतली अर्धी पोरं त्यांच्याकडेच यायची. कार्ड पाहताच इम्तियाजभाईंच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"हे दिगूचं. मीच दिलं होतं. तुला कसं दिलं बाईंनी?"

"मित्र होतो ना," तेजस म्हणाला. आवाज बसल्यासारखा येत होता. त्याने खाकरून पाहिलं. "फार बोलका होता बिचारा."

इम्तियाजभाई आधी हसले. मग हसायचे थांबले.

"कोण, दिगू?"

"का?"

"अरे बाबा, जन्मापासून मुका होता तो. इथे यायचा तेव्हा सोबत आई असायची, तिच्याशी हातांनी बोलायचा. तू काय सांगितलंस त्यांना?"

तेजसने सांगितलं. आवाजाचंही सांगितलं. इम्तियाजभाईंनी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि रुमालाला हात पुसले.

"म्हणजे पहिल्या वाक्यालाच त्यांना कळलं होतं तू खोटं बोलतोयस," ते म्हणाले. "मग तुला बसवून ऐकत का राहिल्या?"

तेजसने काउंटरवरचं कार्ड पुन्हा हातात घेतलं.

"जा, परत देऊन ये. आणि खरं सांग त्यांना."

"सोमवारी देतो," तेजस घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ट्रायल झाली की."

विजेचा डबा घेऊन तो खोलीवर आला. कार्ड लांब होतं, जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना. त्याने आतली हार्ड डिस्कची पत्र्याची चौकट करवतीने कापली आणि झाकण उघडंच ठेवलं. मशीन सुरू केलं. चित्र तेलावरून घसरावं तसं सरकलं. एकदाही अडखळलं नाही. उघड्या झाकणातून मात्र गरम वारा यायचा, आणि त्या वाऱ्याला कापराचा वास होता. त्याने ब्रशने सगळी धूळ काढली. वास गेला नाही.

रविवारी सकाळी तो उठला तेव्हा आवाज पार गेला होता. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं. घसा दुखत नव्हता, हेच भयंकर होतं. तोंड उघडायचं, श्वास बाहेर यायचा, आणि बस्स. नम्रताला कळवावं तर ती दुसऱ्या कुणाला घेऊन मोकळी होणार. निदान खेळ तरी दाखवू, असं ठरवून त्याने लॉगिन केलं.

बाहेर पुण्याची रविवार दुपार होती. दुकानांची शटरं ओढलेली, गल्लीत चिटपाखरू नाही, सगळी पेठ जेवून झोपलेली.

सामना सुरू झाला. डावीकडून दोघे येताना त्याला दिसले. सांगायला त्याने तोंड उघडलं. काहीच निघालं नाही.

"डावीकून दोघं येऊन राह्यले," हेडसेटमध्ये आवाज आला. "नम्रता, थांब... थांब... हान आता!"

तो आवाज जाडसर होता. खणखणीत होता. तेजसचाच होता, आणि त्याने घडी घालून ठेवलेली वणीची बोली बोलत होता. मनात आलेलं सगळं, मनात येताक्षणीच. त्याने माइकचं बटण पाहिलं. लाल दिवा. माइक बंद.

आवाज थांबला नाही. पोरांना हसवत होता, शिव्या देत होता. त्याच शिव्या.

"तेजस, काय बोलतोस तू!" सामना संपल्यावर नम्रता ओरडली. "आणि हीच भाषा ठेव, एकदम कडक. टीममध्ये आहेस तू, डन."

"थँक्यू," आवाज म्हणाला. "पह्यल्यांदाच बोललो न एवढा."

तेजसने वायर खेचून काढली. स्क्रीन विझली. पंखे थांबले. हेडसेट अजून कानावर होता.

"काहून बंद केलं बे?" कुणीतरी अगदी जवळून विचारलं.

त्याने हेडसेट फेकला, कार्ड उपसून काढलं. बोटं भाजली. तो तसाच पळत सुटला. झोपलेल्या पेठेत ऐकू येत होती ती फक्त त्याचीच पावलं. ओरडावंसं वाटत होतं, आणि ते तर शक्य नव्हतं.

विमलाबाईंच्या जिन्यावरच तो थांबला. वर कुणीतरी बोलत होतं. जेवायला बसलेल्या माणसासारखं, तोंडात घास घेऊन.

"आई, वाढ न अजून... आई, आयक न..."

आणि विमलाबाई हसत होत्या.

त्याने दार वाजवलं. त्या आल्या. हाताला कणीक लागलेली, डोळे रडून लाल, आणि चेहऱ्यावर समाधान. तेजसने कार्ड पुढे केलं. तोंडाकडे बोट दाखवलं. हात जोडले.

"ते राहू दे तुझ्याकडे," त्या कुजबुजल्या. "दिलेलं मी परत घेत नाही. तूही घेऊ नकोस."

मग त्यांनी पदराला हात पुसले आणि बोटांनी काहीतरी केलं. सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं. तळवा छातीवर, मग दोन बोटं हवेत. तेजस नुसता पाहत राहिला.

"नाही कळलं?" विमलाबाई मायेने म्हणाल्या. "शिकशील. दिगूलाही वेळ लागला होता."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने बाहेर काढला. वणीहून त्याच्या आईचा होता. त्याने बोट लावायच्या आत कॉल उचलला गेला आणि पडद्यावर सेकंद पुढे सरकू लागले. त्याने फोन कानाला घट्ट दाबला. तिथे काहीच नव्हतं, आईचा आवाजही नव्हता.

आतल्या खोलीत ताटावरचं खाणं थांबलं.

"बोल न माय," आतून त्याचा आवाज आला. "हो, घेतलं न मले टीममंदी... मीच बोलून राह्यलो, तेजस. दुसरं कोण बोलीन?"