मेंढरांमागच्या पोरीचं कुंकू

फोन सकाळी सातला आला. इंद्रायणीने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"हर्षालीताई, निरगुडसरला याल का? आत्यांनी परवापास्नं अन्न टाकलंय. म्हणत्यात, भिंतीवरचं चित्र कुणीतरी बदललंय. आमचे हे म्हणत्यात, म्हातारीचं डोकं फिरलंय. सोमवारी पुण्याला डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरलंय."

हर्षालीने पिशवीत भिंग आणि अतिनील बॅटरी टाकली आणि कळंबहून स्कूटर काढली. ती डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायची आणि पगारातून उरेल त्यात जुनी चिनी प्रचारचित्रं विकत घ्यायची. अस्सल, त्या काळी छापलेलीच. घरी चौदा जमली होती. इंद्रायणीच्या सासूचं, लंकाबाईंचं, चित्र तिने दोनदा मागितलं होतं. दोन्ही वेळा नकार मिळाला होता.

चित्र १९५९ सालचं. पिवळ्या गवतात मेंढरं, त्यांच्यामागे हसरी चिनी पोरगी. लंकाबाईंचे मालक जानकू लोकर विकायला पुण्याला गेले, तेव्हा मेंढरं बघून त्यांनी ते आणलं. बासष्टच्या लढाईत पोलीस चौकशीला आले. कोवळ्या लंकाबाईंनी घाईघाईने पोरीच्या कपाळी कुंकू टेकवलं आणि सांगितलं, "ही आमची देवी." पोलीस हात जोडून गेले. कुंकू मात्र रोजचं झालं.

अंगणात लंकाबाईंच्या मुलाचा, रामदासचा, नवा टेम्पो उभा होता. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक.

"या मॅडम," रामदास म्हणाला. "तपासा. पण म्हातारीच्या नादी लागू नका."

लंकाबाई चित्राखाली बसून होत्या.

"आजी, बदललंय हे कशावरून?"

"बोट सांगतंय. रोज वल्या बोटानं कालचं पुसायचं, मग नवं लावायचं. परवा वरचं पुसलं, तर खाली आनखी कुंकू. ते काय पुसंना."

"मग नवं लावलंत?"

"परक्या पोरीला कशाला लावू?"

हर्षालीने खिडकी लावली आणि बॅटरी मारली. कागद हल्लीच्या कागदासारखा निळा चमकला. तिच्या चौदा चित्रांपैकी एकही असं चमकत नव्हतं. भिंगाखाली प्रिंटरच्या शाईचे बारीक ठिपके दिसले. नक्कल होती. म्हातारी बरोबर होती.

कपाळावर एक कुंकू छापलेलं होतं आणि त्यावर अर्धवट पुसलेली खरी चिमूट. हर्षालीने कापसाच्या बोळ्याने चिमटीवर लिंबाचा रस टेकवला. लाल ते लालच राहिलं. लंकाबाईंच्या करंड्यातल्या कुंकवावर थेंब टाकला, तर ते पिवळं पडलं.

"हे घरचं?"

"मी नि इंद्रा करतो. हळदीला चुना देऊन. तिच्या डबीत बी ह्येच."

"बुधवारी आत्या नि मी लग्नाला बेल्ह्याला गेलतो," इंद्रायणी म्हणाली. "घराला कुलूप नसतं. शेजारीण सांगत व्हती, कळंबचा अमृत येऊन गेला."

अमृत जुन्या वस्तू विकायचा. हर्षालीची अर्धी चित्रं त्याच्याकडूनच आली होती. तिने तिथूनच फोन लावला.

"बुधवारी निरगुडसरला गेला होतास?"

"गेलो होतो."

"लंकाबाईंचं चित्र कुठे आहे?"

"माझ्याकडं नाही. आणि ताई, कपाळावर कुंकू म्हणजे माल बाद. मी माझ्यासाठी नक्कल काढली असती तर तो डाग आधी उडवला असता."

नकलेचा विषय हर्षालीने काढलाच नव्हता. तिने फोन ठेवला.

इंद्रायणी चहा टाकायला आत गेली. हर्षाली अंगणात आली, बोनेटवरच्या स्वस्तिकाला लिंबाचा बोळा लावला आणि थांबली. लालच.

"चित्र बदललंय, रामदासभाऊ. तुम्ही बदललंत."

"अमृतला इचारा की."

"नक्कल त्यानेच काढली. पण त्याच्या लेखी कुंकू म्हणजे डाग. वरून खरी चिमूट तो कशाला लावेल? लावणाऱ्याला माहीत होतं की आजी रोज तिथे बोट टेकवतात. म्हणजे घरचं माणूस. इंद्रायणीने लावली असती तर डबीतली लावली असती, ती लिंबाने पिवळी पडली असती. ही पडली नाही, म्हणजे बाजारची. तुमच्या टेम्पोवरचीही नाही."

"बाजारचं कुंकू गावात कुणाकडं नाय?"

"आहे. पण इंद्रायणीला ठाऊक आहे की आजी आधी कालचं पुसतात. ती असल्या चिमटीवर भरवसा ठेवणार नाही. या घरात जन्म काढून तुम्ही फक्त कुंकू लावताना पाहिलंत, पुसताना नाही." तिचा आवाज खाली आला. "आणि आई खरं बोलते हे घरात तुम्हाला एकट्यालाच माहीत होतं. तरी डॉक्टरकडे तुम्हीच नेताय."

रामदासने बोनेटवरून हात फिरवला.

"गेलं ते. अमृतनं फुडं धाडलं, परदेशात." मग त्याने मान वर केली. "कागदाला किंमत असती हे मला कुणी शिकिवलं, मॅडम? दोनदा दारात येऊन कोण बसलं व्हतं?"

हर्षाली बोळा पिशवीत टाकून वळली.

मागे दारात लंकाबाई उभ्या होत्या. किती वेळ, कुणाला कळलं नाही.

इंद्रायणी चहा घेऊन बाहेर आली. "मग ताई? खरं का खोटं?"

हर्षालीने तोंड उघडलं.

"जुनंच हाय," लंकाबाई म्हणाल्या. "ह्या पोरीनं नीट बघितलं. माझंच डोकं फिरलंय." त्या उंबऱ्यावर टेकल्या. "रामा, सोमवारी किती वाजता निघायचं?"

रामदासने कप उचलला.

"सातला," तो म्हणाला.