चौथा चॅनल

सत्त्याण्णवच्या गळीत हंगामात मी काष्टीजवळच्या एका साखर कारखान्यात गेले, ती वायरलेसचा गोंगाट मोडायला. आसपासच्या कारखान्यांचे सेट इतक्या दाटीवाटीने बोलत, की कुणाचं कुणाला कळत नसे. आदल्या हंगामात ऊस पेटला, तेव्हा शेतकी खात्यातला भीमराज सेटवरून मदत मागत राहिला. त्या गलक्यात कुणाला काही उमगलं नाही, आणि तो आगीतच गेला.

माझा कॉम्प्युटर गोंगाट ऐकून ऐकून शिकायचा आणि ज्याला त्याला मोकळा चॅनल द्यायचा. भलताच हुशार निघाला! फक्त चौथा चॅनल तो कुणालाच देईना. पडद्यावर कायम ‘बोलणं चालू’. कान लावला तर नुसती खरखर... आणि खोलीत जळक्या पाचटाचा वास.

“मॅडम, त्यो भीमराजचा चॅनल,” ऑपरेटर रंगनाथ हळूच म्हणाला. “बोलनं संपल्याचं ‘ओव्हर’ म्हनायचं ऱ्हायलंय त्याचं...”

मी हसले. मागच्या हंगामातलं काहीच मी मशीनला ऐकवलं नव्हतं, त्याला भीमराज कुठून माहीत असणार?

मग एका दुपारी तोडणी चाललेला उसाचा फड पेटला. “तोडकऱ्यांच्या कोपीतली पोरं घावंनात!” शेतकी खात्याचा शमशेर जीपमधल्या सेटवरून ओरडला, आणि सगळे सेट एकदम कालवा करू लागले. माझा जीव टांगणीला लागला. पण कॉम्प्युटरने बघता बघता सगळ्यांना वेगळं काढलं आणि शमशेरला दिला चौथा चॅनल. खरखर थांबली. कुणीतरी सावकाश बोललं.

“शमशेर... चारीच्या कडंनं ये... पोरं चारीत लपल्याती...”

रंगनाथने तोंडावर हात दाबून धरला. आवाज त्याच्या ओळखीचा होता.

पोरं सापडली, सगळी! काळ्या तोंडाने हसत जीपमधून उतरली. त्यांच्या आया रडत होत्या, रंगनाथ नाचत होता, आणि मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. त्या आरड्याओरड्यात चौथ्यावर एकच शब्द आला.

“ओव्हर.”

पडद्यावर उमटलं, ‘रिकामा’.

हंगाम संपला. सगळे सेट, माझासुद्धा, गोळा करून, बॅटऱ्या काढून टेबलावर मांडले आणि रंगनाथ, शमशेर आणि मी चहा प्यायला बसलो. सहज पडद्याकडे पाहिलं. ‘पाचवा चॅनल : बोलणं चालू’.

कॉम्प्युटर मला कायम पाचवाच द्यायचा. आणि मी तर दर वेळी ‘ओव्हर’ म्हटलं होतं... मग माझ्या चॅनलवर आता कोण बोलत होतं?