हेमगर्भाची मात्रा

कातळगडाच्या माथ्यावर उजाडत होते. पूर्वेच्या डोंगररांगेवर तांबडे फुटले होते, खाली घेऱ्यात वेढा देऊन बसलेल्या पातशाही फौजेच्या राहुट्यांमधून चुलींचे धूर निघू लागले होते, आणि सुरुंगाने कोसळलेल्या पश्चिम बुरुजावर रात्रभर जखमींना टाके घालून, रक्ताने माखलेल्या अंगरख्यानिशी, दिनकरभट वैद्य किल्लेदारांच्या सदरेकडे येत होते. किल्लेदार गोमाजीराव धुमाळ तापाने अंथरुणाला खिळलेले. पहाटे ताप उतरणीला लागेल, असा वैद्यांचा अंदाज होता.

सदरेमागच्या दालनात पाऊल पडले आणि त्यांचे मस्तकच फिरले.

गोमाजीराव खाटेवर नव्हते. ताज्या शेणाने सारवलेल्या, अजून ओल्या असलेल्या भुईवर, दर्भाच्या चार काड्या अंथरून, दक्षिणेकडे पाय करून त्यांना निजवले होते. ओठांवर तुळशीचे पान. उशाला गंगाजळाचा गडू.

खाटेवर जीव गेला तर गती मिळत नाही, म्हणून मरणाऱ्याला आधी भुईवर घ्यायचे, ही रीत. एकदा भुईवर घेतले की औषध नाही, अन्न नाही, अन् पुन्हा खाटेवर चढवणे तर नाहीच. रीत जुनी आहे, मायेपोटीच पाळली जाते. पण या मायेने आजवर किती जित्या माणसांना गारठवून मारले, हे विचारायची कोणाची छाती होत नाही. घाबरलेली माणसे घाई करतात, आणि त्या घाईत ज्याचा मतलब असतो तो शेजारी उभा राहून डोळे पुसतो.

असा डोळे पुसणारा इथेही होता. किल्लेदारांचा धाकटा भाऊ सर्जेराव. किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या होत्या.

"कोणी उतरवले यांना?" वैद्य कडाडले.

गोमाजीरावांच्या पत्नी गोदाऊ पायाशी बसल्या होत्या. "भाऊजी म्हणाले, नाडी सुटली. तुम्ही बुरुजावर होतात, वैद्यबुवा. वाट पाहता पाहता खाटेवरच गेले असते तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं?"

वैद्यांनी उजव्या मनगटावर तीन बोटे ठेवली. नाडी मंद होती, दबलेली होती, पण जागेवर होती. कपाळाला बारीक घाम सुटला होता. ताप खरोखरच उतरत होता, आणि अशा ऐन वेळी त्या माणसाच्या पाठीखाली ओली भुई होती.

सर्जेराव वाकून हलकेच बोलला, "वैद्यराज, नाडी सुटली एवढे आपण चारचौघांत बोला. गडावरचा दाणा संपत आला आहे. पातशाही सरदाराने अभयाचा कौल दिला आहे. दरवाजा उघडला तर शिबंदीची बायकापोरे जिवानिशी खाली उतरतील. एका मरत्या माणसासाठी एवढ्यांचा बळी देणार?"

"आणि आपणास काय देऊ केले आहे? जहागीर?"

सर्जेरावाने कमरेच्या किल्ल्या चाचपल्या.

"गड ठेवा नाही तर सोडा, ते तुम्हा हत्यारबंदांनी ठरवायचे," वैद्य उठून उभे राहिले. रागाने त्यांचा आवाज चिरकला होता. "पण त्यासाठी जित्या माणसाला माझ्या तोंडून मेलेला म्हणवून घेऊ नका! नाडी चालू आहे. किल्लेदार जिवंत आहेत!"

"आपल्या शब्दावाचून अडत नाही," सर्जेराव थंडपणे म्हणाला. "भुईवर घेतलेला माणूस सर्वांनी पाहिला आहे." तो आपली माणसे घेऊन महादरवाजाकडे निघाला.

दाराशी सिदोजी हवालदार उभा होता. किल्लेदारांसाठी प्राण द्यायला कधीही तयार असलेला, साधा, तापट गडी. तो धावत आत आला. "वैद्यबुवा, हेमगर्भ द्या! धन्यांना शुद्धीवर आणा. पालखीत घालून दरवाजावर नेतो. 'दरवाजा उघडू नका' एवढं बोलले की सारी शिबंदी आपली!"

हेमगर्भाची मात्रा वैद्यांच्या बटव्यात होती. विझत्या जिवाला ती क्षणभर भडकवते. माणूस डोळे उघडतो, निरवानिरवीचे चार शब्द बोलतो. ज्याची आशा सरली त्यालाच ती द्यायची.

"देणार नाही," वैद्य म्हणाले. "ते बोलतील, अन् तासाभरात संपतील. इतक्या थकलेल्या देहाला ती सोसायची नाही. हे वाचणारे रोगी आहेत, सिदोजी."

"गड जातोय! धनी शुद्धीत असते तर स्वतः मागून घेतली असती!"

"मग शुद्धीत येऊन मागू देत. न विचारता त्यांचा जीव खर्ची घालायचा अधिकार तुलाही नाही अन् मलाही नाही. तो दुष्टपणाने मारू पाहतो, तू निष्ठेने. मारणार दोघेही माझ्याच हातून!"

सिदोजीचे डोळे पेटले. "तुमचा वैद्यधर्म घाला चुलीत!" तो ओरडला, आणि हाताला लागतील तेवढी माणसे घेऊन दरवाजाकडे धावला.

वैद्यांनी गोमाजीरावांच्या काखेत हात घातले. दालनात हुजरे होते, दासी होत्या. पण भुईवरच्या माणसाला उचलायला कोणी पुढे होईना.

"वैद्यबुवा, नका," गोदाऊ कळवळल्या. "खाटेवर काही झालं तर..."

"ते पाप माझ्या माथी, बाईसाहेब. पाय धरा!"

 मग पदर खोचून त्यांनी नवऱ्याचे पाय उचलले. दोघांनी मिळून त्यांना खाटेवर घेतले, कांबळी घातल्या, आणि थंडगार पडलेल्या तळव्यांना सुंठीची पूड चोळायला बसले.

खालून हत्यारांचा खणखणाट आला. सर्जेराव ओरडून सांगत होता की दादासाहेब गेले; सिदोजी ओरडत होता की धनी जिवंत आहेत; पहारेकऱ्यांनी कोणाचे मानायचे? त्या घोळात वार सुरू झाले होते. अचानक गोदाऊंचा हात आपल्या कपाळाकडे गेला. त्या उठल्या आणि अनवाणी धावत सुटल्या.

महादरवाजाच्या पायऱ्यांवर त्या उभ्या राहिल्या तेव्हा उन्हाची तिरीप थेट त्यांच्या तोंडावर पडली होती. कपाळी मळवट, हातभर हिरवा चुडा. "डोळे फुटले का रे तुमचे?" त्या गरजल्या. "बघा हे कुंकू!" पहारेकऱ्यांना दुसरा पुरावा नको होता. त्यांचे भाले सर्जेरावाकडे वळले आणि त्याच्या मुसक्या आवळल्या गेल्या. हे आधीच सुचते तर! पण सिदोजी रागाने निघून गेला होता, बाईसाहेब भीतीने सुन्न होत्या आणि वैद्यांना रोग्यापलीकडे काही दिसत नव्हते. दरवाजा बंदच राहिला, आणि त्याला पाठ लावून बसलेला सिदोजी पुन्हा उठला नाही.

पुढे पातशाही फौजेला दुसऱ्या मोहिमेवर निघावे लागले आणि वेढा उठला. सर्जेरावाचा कडेलोट झाला. गोमाजीराव पेजेवरून भातावर आले, तक्क्याला टेकून बसू लागले, तेव्हा त्यांनी वैद्यांना समोर बसवले.

"मात्रा दिली असती तर मी बोललो असतो?"

"होय."

"सिदोजी वाचला असता?"

"बहुधा."

"मग दिली का नाहीत?" गोमाजीरावांची मूठ तक्क्यावर आदळली. "माझे लेकरू होते ते! त्याच्यासाठी मी दहा वेळा मेलो असतो!"

"आपण मेला असतात, किल्लेदार. मी आपणास मारले नसते." वैद्यांचाही आवाज चढला. "नाडी पाहायला मनगट आपले माझ्या हाती होते, सिदोजीचे नव्हते. माझा राग करा, खुशाल करा. पण उद्या आपल्या जागी दुसरा कोणी बेशुद्ध पडेल, तेव्हा त्याच्यासाठीही मी हेच करीन."

गोमाजीरावांनी तोंड फिरवले. त्या दिवसापासून त्यांनी दिनकरभटांना पुन्हा हात दाखवला नाही.

वैद्य सदर उतरून थेट सिदोजीच्या घराकडे चालू लागले. तुझा नवरा वाचवायचे औषध माझ्या बटव्यात होते आणि मी ते दिले नाही, हे त्याच्या बायकोला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी त्यांना स्वतः सांगायचे होते.